संमोहन, भुरळ आणि उपचार

समृद्धी महामार्ग सुरू झाला आणि ‘संमोहन’ हा शब्द वर्धा जिल्ह्यात नव्या अर्थाने ऐकू येऊ लागला. या सरळसोट रस्त्यावर अपघात होऊ लागले तेव्हा ‘महामार्ग संमोहना’ची चर्चा झाली आणि नागपूरच्या व्हीएनआयटीतील अभ्यासकांनीही अपघातांच्या कारणांमध्ये त्याचा उल्लेख केला. त्याआधी हा शब्द वाचकांना भेटत होता तो गुन्ह्यांच्या बातम्यांत. बाजारातून परतणाऱ्या वृद्ध महिलेला दोघांनी गाठले, काहीतरी बोलून ‘भुरळ घातली’ आणि गळ्यातले काढून नेले, अशा बातम्यांना ‘संमोहित करून लुटले’ हा मथळा ठरलेला असतो. तिसरी जागा जाहिरातींची. दारू, तंबाखू, नैराश्य, वाढलेले वजन, परीक्षेची भीती असे सगळे काही ठरावीक बैठकांत घालवून देण्याची हमी तिथे दिलेली असते.

तीन ठिकाणी शब्द एकच आहे, पण गोष्टी वेगळ्या आहेत आणि वैद्यकशास्त्रातले संमोहन या तिन्हींपेक्षा निराळे आहे. या घोळाची किंमत माणसांना मोजावी लागते. ज्याला या उपचाराचा खरोखर उपयोग झाला असता तो घाबरून दूर राहतो. ज्याला तातडीने मानसोपचारतज्ज्ञाची गरज आहे तो जाहिरातीमागे जातो आणि पैशांबरोबर महत्त्वाचे महिनेही घालवतो. म्हणून हा शब्द एकदा नीट समजून घेणे गरजेचे आहे.

कांदोळीचा पाद्री

संमोहनाच्या इतिहासातले एक मोठे नाव आपल्या शेजारचे आहे. जुझे कुस्तोदिओ द फारिया, म्हणजेच आबे फारिया, यांचा जन्म १७५६ साली गोव्यातील बार्देस तालुक्यातल्या कांदोळी येथे झाला. १७७१ मध्ये ते वडिलांबरोबर पोर्तुगालला गेले, रोममध्ये शिकून पाद्री झाले आणि पुढे पॅरिसला पोचले. १८१३ च्या सुमारास तिथे त्यांनी संमोहनाचे जाहीर वर्ग सुरू केले.

तेव्हा युरोपवर फ्रान्झ मेस्मर यांच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची छाप होती. प्रत्येक शरीरात एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो, तो अडला की माणूस आजारी पडतो आणि चुंबकत्व असलेला माणूस हात फिरवून तो पुन्हा वाहता करू शकतो, असे मेस्मर सांगत. फ्रान्सच्या राजाने १७८४ साली याच्या चौकशीसाठी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिए तिचे सदस्य होते. समितीने फ्रँकलिन यांच्या बागेत एक साधा प्रयोग केला. मेस्मर यांच्या शिष्याने एका झाडात ‘चुंबकत्व’ भरले आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला दुसऱ्याच झाडांजवळ नेण्यात आले. खरे ‘भारलेले’ झाड दूर असतानाच तो मुलगा बेशुद्ध होऊन कोसळला. द्रव वगैरे काही नाही, परिणाम आहे तो कल्पनेचा, असा निष्कर्ष निघाला.

समितीने प्रश्न तिथेच सोडला. फारिया यांनी तो पुढे नेला. केवळ कल्पनेने एवढे घडत असेल, तर ती कल्पनाच अभ्यासण्यासारखी आहे, असे त्यांचे म्हणणे. ते समोरच्याला खुर्चीत शांत बसवत, लक्ष एकाग्र करायला सांगत आणि मग ठामपणे ‘झोपा’ म्हणत. काहींवर परिणाम होई, काहींवर होत नसे. यावरून त्यांनी सांगितले की संमोहन करणाऱ्याकडून कसलीही शक्ती बाहेर पडत नाही. जे घडते ते संमोहित होणाऱ्याच्या एकाग्रतेतून, अपेक्षेतून आणि त्याला मिळालेल्या सूचनेतून घडते. त्यांचा ग्रंथ १८१९ साली प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

पणजीत जुन्या सचिवालयाजवळ फारिया यांचा पुतळा आहे. रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ मध्ये उभारला गेला. झगा घातलेले फारिया हात पसरून उभे आहेत आणि समोर एक स्त्री मागे कोसळते आहे. शिल्प म्हणून ते प्रभावी आहे, पण पाहणाऱ्याला वाटते की शक्ती त्या पसरलेल्या हातांतच आहे. फारिया यांनी जन्मभर सांगितले ते याच्या नेमके उलट होते. संमोहनाबद्दलचा बहुतेक गैरसमज या एका दृश्यात साठवला आहे.

नावच चुकीचे

१८४० च्या दशकात मँचेस्टरचे शल्यचिकित्सक जेम्स ब्रेड यांनी निद्रादेवता हिप्नॉसच्या नावावरून ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द रूढ केला. ही झोप नाही हे त्यांच्या लवकरच लक्षात आले, त्यांनी दुसरे नावही सुचवले, पण पहिलेच टिकले. आपल्याकडे ‘संमोहन’ आणि ‘मोहिनी’ हे शब्द एकमेकांना इतके जवळचे आहेत की वशीकरणाची छाया त्याला आपोआप चिकटली.

त्याच काळात हुगळी आणि कोलकाता येथे जेम्स एस्डेल हे डॉक्टर मेस्मर यांच्या पद्धतीने रुग्णांना गुंगवून मोठ्या शस्त्रक्रिया करत होते. १८४६ साली कोलकात्यात त्यासाठी खास रुग्णालयही निघाले. मात्र ईथर आणि पाठोपाठ क्लोरोफॉर्म आले. ते जवळपास प्रत्येकावर चालत, वेळही कमी घेत. साहजिकच ही पद्धत मागे पडली. संमोहनाची ताकद आणि मर्यादा या एकाच उदाहरणात दिसतात. वेदनेवर त्याचा परिणाम होतो, पण सगळ्यांवर सारखा होत नाही.

खोलीत काय घडते?

प्रशिक्षित तज्ज्ञाकडची पहिली भेट बहुधा बोलण्यातच जाते. त्रास काय आहे, कधीपासून, कोणती औषधे चालू आहेत, आधी काय निदान झाले, हे विचारले जाते. पुढच्या भेटीत श्वासाकडे किंवा एखाद्या बिंदूकडे लक्ष द्यायला सांगून शरीर सैल सोडायला सांगतात. लक्ष स्थिरावले की ओळखीच्या, शांत जागेची कल्पना करायला सांगतात आणि त्या अवस्थेत ठरलेल्या त्रासाला धरून सूचना देतात. रुग्णाला आवाज ऐकू येतो, तो उत्तर देऊ शकतो, नको वाटल्यास डोळे उघडू शकतो. बहुतेकांना झालेले बोलणे आठवते. चांगला तज्ज्ञ हेच घरी स्वतःचे स्वतः करायला शिकवतो, कारण त्याच्यावाचून चालू लागणे हाच उपचाराचा हेतू असतो.

ही अवस्था तशी अनोळखी नाही. कीर्तन रंगले की पाय अवघडल्याचे भान राहत नाही. शेवटच्या षटकात सामना अडकलेला असताना घरातली हाक कानावर पडूनही ऐकू येत नाही. लक्ष एका ठिकाणी गोळा झाले की बाकीचे मागे सरकते, आणि संमोहनात हेच ठरवून, हेतूने केले जाते. महामार्गावर घडते ते मात्र याच्या उलट. एकसुरी रस्त्याने लक्ष गोळा होण्याऐवजी विरत जाते आणि चालक यंत्रवत गाडी हाकत राहतो. दोन्हींना एकच नाव मिळाले असले, तरी त्यावर उपाय थांबण्याचा, चहापाण्याचा आणि पुरेशा झोपेचा आहे.

हे सगळे नाटक असते का, हा रास्त प्रश्न आहे. १९९७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात पिएर रेनव्हिल आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. स्वयंसेवकांचा हात दुखेल इतक्या गरम पाण्यात ठेवून, वेदनेचा त्रास कमी किंवा जास्त जाणवेल अशा सूचना संमोहनात देण्यात आल्या. पाणी तेच, पण सूचनेप्रमाणे त्रास बदलला आणि वेदनेच्या भावनिक बाजूशी संबंधित मेंदूच्या भागातील क्रियाही त्याच प्रमाणात बदलली. स्पर्श नोंदवणाऱ्या भागात तसा बदल दिसला नाही. म्हणजे चटका बसतो आहे हे कळत होते, फक्त त्याची बोच कमी झाली होती. २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड स्पीगल यांच्या गटानेही एमआरआयच्या साहाय्याने संमोहनात मेंदूच्या काही भागांचे काम आणि परस्परसंबंध बदलतात असे दाखवले.

‘दुबळ्या मनाचे’ आणि ‘वश झालेले’

दुबळ्या मनाचे लोकच संमोहित होतात, हा समज सर्वत्र आढळतो. स्टॅनफर्डमध्ये अर्नेस्ट हिलगार्ड आणि आंद्रे वाइट्झेनहॉफर यांनी १९५९ मध्ये संमोहनक्षमता मोजण्याची पट्टी तयार केली. तेव्हापासूनच्या मोजमापांत ढोबळमानाने दहापैकी एक-दोन जण सहज खोल संमोहनात जातात, तेवढेच जण जवळजवळ जात नाहीत आणि बाकीचे मधे असतात. याचा बुद्धीशी किंवा मनाच्या कणखरपणाशी संबंध नाही. कल्पनेत, कामात गुंगून जाण्याची क्षमता ज्यांच्यात जास्त, ते सहसा जास्त प्रतिसाद देतात. रंगमंचावरचा संमोहक हेच जाणतो. सुरुवातीच्या लहान चाचण्यांतून तो प्रेक्षकांतले सर्वाधिक प्रतिसाद देणारे निवडतो. शिवाय हजार डोळे पाहत असताना नाही म्हणणे अवघड जाते.

संमोहनातून कुणी परत येत नाही, ही भीतीही निराधार आहे. बोलणारा उठून गेला तर माणूस काही वेळाने स्वतः डोळे उघडतो किंवा साधी झोप लागून उठतो.

इच्छेविरुद्ध काहीही करून घेता येते का, याचे उत्तर जरा सावधपणे द्यायला हवे. १९६५ साली मार्टिन ऑर्न आणि फ्रेडरिक इव्हान्स यांनी संमोहित व्यक्तींना विषारी साप उचलायला, आम्लात हात घालायला सांगितले. इजा होणार नाही याची सोय अर्थातच गुपचूप केलेली होती. बहुतेकांनी सांगितले तसे केले. मात्र संमोहित नसलेल्या, फक्त तसे सोंग करायला सांगितलेल्या व्यक्तींनीही तेच केले. कारण प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ आपल्याला इजा होऊ देणार नाही, हा विश्वास सर्वांनाच होता. धोका कशात आहे हे या प्रयोगातून कळते. माणसाला अडचणीत आणतो तो अधिकाराच्या खुर्चीवर टाकलेला आंधळा विश्वास. तो डॉक्टरवर, बाबावर, साहेबावर, कुणावरही टाकला जातो, त्यासाठी संमोहन लागत नाही. म्हणूनच उपचार करणाऱ्याची पात्रता आणि नीती यांना इतके महत्त्व आहे.

लुटीच्या बातम्यांकडेही याच नजरेने पाहिले पाहिजे. ‘पुढे चोरी झाली आहे, आम्ही पोलीस आहोत, दागिने काढून रुमालात बांधा’ असे म्हणणारा तोतया घाई, भीती आणि गणवेशाचा दरारा वापरतो. दुसरा साथीदार आपला ऐवज आधी काढून देतो, म्हणजे समोरच्याचा विश्वास बसतो. कधी प्रसादातून, चहाबिस्किटांतून गुंगीचे औषधही दिले जाते. तो औषधाचा परिणाम असतो, नजरेचा नव्हे. रस्त्यातल्या अनोळखी, धास्तावलेल्या माणसाला दोन वाक्यांत किंवा नुसते डोळ्यांत पाहून संमोहित करता येत नाही. लुबाडल्या गेलेल्या व्यक्तीला ‘मला भुरळ घातली’ म्हणणे सोपे जाते, कारण फसलो म्हणण्यात लाज वाटते. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. पण मथळ्यात ‘संमोहन’ छापून आले की चोरांची खरी युक्ती झाकली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच युक्ती दुसऱ्या गावात चालते. कुठल्याही खऱ्या पोलिसाला रस्त्यात दागिने काढायला सांगण्याची गरज नसते, एवढे घरोघरी सांगितले तरी अशा लुटीला आळा बसेल.

कुठे उपयोग, कुठे नाही

संमोहन उपचाराचा सर्वांत भक्कम पुरावा पचनाच्या एका त्रासात मिळाला आहे. इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये पोटात कळा येतात, फुगारा धरतो, कधी जुलाब तर कधी बद्धकोष्ठ होते आणि तपासण्यांत मात्र काही सापडत नाही. मँचेस्टरचे पीटर व्होरवेल यांनी १९८४ साली ‘लॅन्सेट’मध्ये अशा ३० रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. संमोहन उपचार घेतलेल्या गटात सुधारणा ठळकपणे जास्त होती. वर्षभर औषधांनी आराम न पडलेल्या रुग्णांसाठी मानसिक उपचारांपैकी एक म्हणून संमोहनाचा विचार करावा, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेचे मार्गदर्शन आहे. शस्त्रक्रियेपूर्वीची धास्ती, त्यानंतरच्या वेदना, जुनाट दुखणे, दंतवैद्याच्या खुर्चीची भीती यांतही त्याचा फायदा दिसला आहे. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाच्या रुग्णालयात १९९२ पासून काही शस्त्रक्रिया संमोहन, स्थानिक भूल आणि सौम्य शामक औषध यांच्या जोडीने केल्या जातात. तिथेही भूलतज्ज्ञ हजर असतो.

धूम्रपान सोडण्याबाबत मात्र इतर समुपदेशनापेक्षा संमोहन सरस ठरते, असा ठोस पुरावा नाही. मधुमेह, कर्करोग किंवा अपस्मार संमोहनाने बरा होत नाही. कर्करोगाच्या रुग्णाची चिंता आणि उपचारांतली मळमळ कमी व्हायला त्याची मदत होऊ शकते, गाठ विरघळायला नाही. भास होणे, संशयाने पछाडणे अशी लक्षणे असणाऱ्यांवर हा प्रयोग मानसोपचारतज्ज्ञाला न विचारता करू नये.

‘पूर्वजन्मात नेणाऱ्या’ बैठकांबाबत तर अधिक सावध राहायला हवे. संमोहनात कल्पनाशक्ती वाढते आणि कल्पिलेले चित्र आठवणीइतके खरे वाटू लागते. त्यामुळे न घडलेल्या गोष्टी घडल्यासारख्या ‘आठवतात’. अमेरिकेत अशा आठवणींवरून कुटुंबे तुटली, खटले झाले. त्यानंतर तिथल्या अनेक न्यायालयांनी संमोहनातून काढलेली साक्ष नाकारली किंवा तिच्यावर कडक अटी घातल्या. आजच्या दुखण्याचे कारण मागच्या जन्मात शोधताना याच जन्मातले निदान राहून जाते.

कुणाकडे जावे?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात पर्यायी उपचारपद्धतींबाबत भूमिका स्पष्ट केली. संमोहन ही स्वतंत्र वैद्यकशाखा नाही. ती उपचाराची एक रीत आहे आणि नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीने ती वापरावी, असे त्यातून दिसते. म्हणजे शनिवार-रविवारच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावून कुणी ‘डॉक्टर’ होत नाही. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने कर्करोग, मधुमेह, अपस्मार, वेड अशा अनेक आजारांवर इलाजाचा दावा करणाऱ्या जाहिरातींना बंदी आहे. दैवी शक्तीच्या नावाने कुणी लुबाडत असेल, तर महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि त्यात पोलिसांपैकी दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही आहे.

विदर्भाला हा विषय नवा नाही. अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे श्याम मानव यांनी बाबाबुवांच्या चमत्कारांना आव्हान देतानाच स्वसंमोहनाची शिबिरे घेतली. मोहिनी विद्या म्हणून ज्याची भीती घातली जाते ते मनाचे साधे कसब आहे, हे अशा शिबिरांतून अनेकांना पहिल्यांदा कळले. तरीही शिबिर आणि उपचार यांतली रेषा पाळावी लागते. आत्मविश्वास वाढवणे वेगळे, आजारावर इलाज करणे वेगळे.

संमोहन उपचाराला जाण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. आजाराचे निदान डॉक्टरकडून झाले आहे का? उपचार करणारी व्यक्ती मानसोपचारतज्ज्ञ, नोंदणीकृत चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ किंवा प्रशिक्षित डॉक्टर आहे का? चालू औषधे बंद करायला सांगत आहेत का? सोबतच्या माणसाला बाहेर किंवा आत बसू देतात का? बरे करण्याची हमी, आगाऊ मोठे पॅकेज आणि ‘गोळ्या सोडा’ हा सल्ला, यांपैकी एकही गोष्ट दिसली तर तिथून परत फिरावे.

वर्धा जिल्ह्यात याची सोय नाही असे म्हणता येणार नाही. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सेवाग्रामला १९६९ पासून आहे, सावंगी मेघे येथे दुसरे वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठीचा ‘प्रेरणा’ प्रकल्प ज्या १४ जिल्ह्यांत सुरू झाला त्यांत वर्धा आहे. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र मोफत चालतो. नापिकी आणि कर्जाने खचलेल्या माणसाला झोप येत नसेल, जगणे नको वाटत असेल, तर त्याची पहिली पायरी या दारांची आहे. गरज वाटल्यास संमोहनासारखी रीत तिथला तज्ज्ञच सुचवील.

पुढचे काम दोन बाजूंनी व्हायला हवे. प्रसूती, जळीत, दंतोपचार आणि जुनाट वेदनांच्या विभागांत काम करणाऱ्या तरुण डॉक्टरांना आणि परिचारिकांना या तंत्राची शास्त्रीय ओळख अभ्यासक्रमातच मिळावी. भूल देण्यापूर्वीचे चार धीराचे, नेमके शब्दसुद्धा रुग्णाची वेदना कमी करू शकतात, आणि त्यासाठी यंत्र लागत नाही, खर्चही येत नाही. दुसरीकडे आरोग्य आणि पोलीस यंत्रणेने खोट्या हमीच्या जाहिरातींवर तक्रारीची वाट न पाहता कारवाई करावी, आणि वृत्तपत्रांनीही लुटीच्या बातमीला ‘संमोहन’ हे नाव देण्याआधी थांबावे.

शक्ती समोरच्याच्या हातात नसून आपल्या लक्षात आणि कल्पनेत आहे, हे कांदोळीच्या एका पाद्र्याने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते. ज्याला हे उमगले तो भुरळीला भिणार नाही आणि चमत्काराच्या हमीला भुलणारही नाही.